गटईवाल्याला नोटीसही नाही, हॉटेलवाल्याला मात्र परवाना!

फुटपाथवर हॉटेलांना टेबल-खुर्च्या मांडू द्यायच्या, त्यासाठी नियम करायचे, शुल्क ठरवायचे, हा विषय आपल्या शहरांत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. कधी त्याला पर्यटनाचे नाव असते, कधी रात्रीच्या अर्थव्यवस्थेचे, कधी 'जिवंत रस्त्यां'चे. २०२० साली करोनाने त्याला आरोग्याचेही कारण मिळवून दिले. सादरीकरणात पॅरिसचा एखादा कोपरा दाखवतात. पट्ट्यापट्ट्यांची छत्री, कॉफीचा कप, कुंडीतले फूल, आणि खाली लिहिलेले असते की आपले शहरही असे होऊ शकते. ही चित्रे पाहताना आमची नजर चित्रात नसलेल्या माणसांना शोधते. त्या जागेवर आज जो बसला आहे, तो या चित्रातून कुठे गेला?

कारण फुटपाथ रिकामा कधीच नव्हता. तिथे ऐरण आणि रापी घेऊन गटई कामगार बसतो. गजरेवाली बसते, किल्ल्या बनवणारा बसतो, भुईमुगाच्या शेंगा भाजणारी बसते, डोक्यावरची टोपली उतरवून भाजीवाली बसते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून जी माणसे मुंबई-पुण्यात आली, त्यांतल्या कित्येकांचे शहरातले पहिले बिऱ्हाड आणि पहिला धंदा फुटपाथवरच झाला. फुटपाथची दगडी फोडणारे हात वडारांचे, पहाटे तो झाडणारे हात बहुतांश आमच्याच समाजाचे. ज्यांनी फुटपाथ बांधला आणि जे तो रोज झाडतात, त्यांना त्यावर बसायचे असेल तर त्याला 'अतिक्रमण' म्हणतात. मागच्या दुकानाचा मालक त्याच जागेवर खुर्ची टाकतो तेव्हा त्याला 'आउटडोअर सीटिंग' म्हणतात. एकाच फरशीला दोन शब्द लागले की समजावे, जात आणि वर्ग दोघे मिळून कामाला लागले आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आमच्यावर पहिला आरोप असतो की हे लोक भावनेने बोलतात.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात कलम ३१४ आहे. मुंबई वगळता राज्यातल्या इतर महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात तसेच कलम २३१ आहे. रस्त्यावर बेकायदा उभारलेले, ठेवलेले किंवा विक्रीला मांडलेले काहीही आयुक्त पूर्वसूचना न देता हटवू शकतात, असा त्याचा मथितार्थ. 'उभारलेले, ठेवलेले, विक्रीला मांडलेले' हे तिन्ही एकाच दमात येतात. हॉटेलने फुटपाथवर ठेवलेले टेबल आणि पथारीवाल्याने मांडलेली चादर यांत या कलमाने कसलाही भेद केलेला नाही. भेद करते ती अतिक्रमण विभागाची गाडी. त्या गाडीत हातगाड्या, टोपल्या, वजनकाटे, गॅसच्या शेगड्या कोंबलेल्या आम्ही शेकडो वेळा पाहिल्या आहेत. एखाद्या बड्या हॉटेलची वेताची खुर्ची त्यात किती वेळा पाहिली, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे हॉकर्स युनियन विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात फेरीवाल्यांसाठीच्या अटींना मान्यता दिली. त्यातली एक अट अशी होती की फेरीवाल्याने फुटपाथच्या एका बाजूला एक मीटर बाय एक मीटर एवढ्याच जागेत धंदा करावा. दुसरी अट अशी की त्याने तिथे स्टॉल उभारू नये, टेबल ठेवू नये, स्टँड ठेवू नये. डोक्यावर ऊन-पावसासाठी चादर किंवा ताडपत्रीसुद्धा ताणू नये. पुन्हा वाचा. गरिबाने फुटपाथवर टेबल ठेवायचे नाही, डोक्यावर कापड धरायचे नाही. आज त्याच फुटपाथवर श्रीमंताला टेबलासकट, खुर्चीसकट, छत्रीसकट बसवण्यासाठी नियम लिहायचे म्हणतात! टेबल हा अडथळा आहे की नाही, हे त्यावर ठेवलेल्या मालाच्या किमतीवरून ठरते काय?

पुढे १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात घटनापीठाने सांगितले की रस्ते केवळ ये-जा करण्यासाठीच असतात असे नाही. योग्य नियमनाखाली रस्त्यावर व्यवसाय करणे हा कलम १९(१)(छ) खालचा हक्क आहे, मात्र अमुक एका जागेवर कायमचा हक्क कुणाला सांगता येणार नाही. एवढी मोठी लढाई लढल्यावर २०१४ साली पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम आला. हा कायदा आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचे झाले तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी करून द्यायची, मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व.

कागदावर इतका स्वच्छ कायदा. आणि प्रत्यक्षात? मुंबईत २०१४ मध्ये सर्वेक्षण झाले, सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीच्या चाळणीतून पहिल्या फेरीत पात्र ठरले सुमारे १५ हजार. चाळणीचे एक मोठे भोक होते अधिवास दाखल्याचे. ज्या बाईने तीस वर्षे एकाच कोपऱ्यावर भाजी विकली, तिच्याकडे तो कोपरा सोडून दुसरा पुरावा नव्हता. आणि कोपरा हा पुरावा धरला गेला नाही. समितीची निवडणूक मुंबईत व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. कायदा आला तेव्हा पहिलीत गेलेली पोरे तोवर दहावी-अकरावीला पोचली होती. दरम्यान जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली, पथविक्रेत्याला दहा हजारांचे कर्ज. एका हाताने सरकार गाडीसाठी कर्ज देते आणि दुसऱ्या हाताने तीच गाडी उचलून नेते. हप्ता मात्र चालूच राहतो.

आता आमचा मुद्दा लक्षात येईल. ज्या शहरात पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्रे आणि विक्री आराखडा यांचे काम वर्षानुवर्षे लोंबकळत पडले आहे, तिथे हॉटेलांसाठी फुटपाथचे नियम पुढे सरकवणे याचा अर्थ एकच: पंगतीत आधीपासून बसलेल्याला उठवून उशिरा आलेल्याला पान वाढायचे.

आमच्या भागातले एक उदाहरण सांगतो. रस्त्याचे आणि हॉटेलचे नाव मुद्दाम टाळतो, कारण ते काका अजून त्याच परिसरात पोट भरतात. सामाजिक न्याय विभागाची एक जुनी योजना आहे, गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची. या काकांनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जागेचे पत्र, सगळे हेलपाटे मारून तो स्टॉल मिळवला होता. स्टॉलच्या पाटीवर शासनाचे नाव होते. मग रस्त्याचे सुशोभीकरण निघाले. फुटपाथ रुंद झाला, नव्या फरश्या बसल्या, आणि स्टॉल एका सकाळी उचलला गेला. काकांनी विचारले, नोटीस कुठे आहे? उत्तर मिळाले, हे तात्पुरते आहे. दोनएक महिन्यांनी त्याच जागी मागच्या हॉटेलच्या चार टेबलांची रांग लागली. आम्ही क्षेत्रीय कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, ते त्यांच्या सामासिक अंतरात आहे, खासगी जागा आहे. आम्ही टेप घेऊन गेलो आणि मोजले. फुटपाथ नऊ फूट. त्यातली साडेपाच फूट टेबलांनी खाल्लेली. चालणाऱ्याला उरले साडेतीन. साहेबांना फोटो दाखवले तेव्हा ते म्हणाले, धोरण येते आहे, तोवर थांबा.

तोवर थांबा! धोरण यायचे म्हणून हॉटेल थांबले नव्हते. थांबायचे होते फक्त काकांनी.

ही सामासिक अंतराची भानगड नीट समजून घ्या. इमारत बांधताना समोर जी जागा मोकळी सोडावी लागते ती हवा, उजेड, अग्निशमनाची गाडी यांसाठी. ती जागा मालकीने खासगी असली तरी मोकळी राहील या अटीवरच बांधकामाची परवानगी मिळालेली असते. आधी त्या जागेत शेड पडते, मग शेडच्या पुढे टेबले येतात, मग टेबलांच्या पुढे कुंड्या येतात आणि कुंड्यांच्या पुढे ग्राहकांच्या दुचाक्या. आपली पोरे शाळेत जाताना फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात ती या चौथ्या पायरीवर. नियम करणारे सांगतात की आम्ही नियम केले म्हणजे ही पायरी-पायरीची घुसखोरी थांबेल. मग आजच्या नियमांनी ती का थांबली नाही, हे कोण सांगणार?

मित्रहो, आपल्याला हा सगळा प्रकार नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली करा, असा तो ठराव. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, पाण्यापर्यंत मात्र कुणाला जाता येईना. १९ आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे महाडला जमली, तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि त्यानंतर डोकी फुटली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे खटला चालला. तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची जुनी वहिवाट आहे, असा वादींचा दावा. तळे नगरपालिकेच्याच ताब्यातले आहे असे कोर्टात ठरले, आणि वगळण्याची ती वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या १७ मार्चला लागला. दहा वर्षे लागली.

सामासिक अंतराचे उत्तर देणाऱ्या साहेबांना महाड आठवले नसेल. आम्हाला लगेच आठवले. सार्वजनिक जागा आपल्याला नाकारायची असेल तर आधी ती खासगी असल्याचे सांगायचे. ते टिकले नाही तर वहिवाट सांगायची. आणि तेही टिकले नाही तर नगरपालिकेकडून ठराव करून घ्यायचा.

म्हणून संविधानाचे कलम १५(२) आम्ही प्रत्येक बैठकीत वाचून दाखवतो. त्यात दोन उपखंड आहेत. पहिल्यात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले. दुसऱ्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा. हॉटेल आणि रस्ता शेजारी शेजारी आहेत, कारण ज्यांनी हे लिहिले त्यांना दोन्हींची दारे बंद असण्याचा अनुभव होता. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके अडकवलेले असे, कारण त्याची थुंकीसुद्धा रस्त्यावर पडता कामा नये, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये नोंदवले आहे. वायकोमला १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. रस्ता आपल्याला कुणी दिलेला नाही, तो आपण मिळवलेला आहे. आता हॉटेल रस्त्यावर उतरणार असेल तर पहिल्या उपखंडातली वस्तू दुसऱ्या उपखंडातल्या जागेवर येते. मग तिथे कोण बसू शकतो? फुटपाथवरच्या त्या खुर्चीवर आमची धुणीभांडी करणारी बहीण दोन घरांच्या मधल्या वेळात, काही न मागवता, पाच मिनिटे टेकू शकते का? रखवालदार तिला उठवणार असेल, तर त्या पाच बाय तीन फुटांवर सार्वजनिक रस्ता संपला आहे. तिच्या जातीचा दाखला कुणी मागत नाही, खरे आहे. तिचा पदर, तिची चप्पल आणि तिच्या हातातली पिशवी बघून काम भागते.

यावर काही प्रामाणिक प्रश्न आमच्याच माणसांकडून येतात. फेरीवाले पण फुटपाथ अडवतात की! हो, अडवतात. हप्ते घेऊन जागा वाटणारे दादा आहेत, एकाच्या नावावर पाच-पाच गाड्या आहेत, आणि त्यात आपली माणसे मालक कमी आणि रोजंदारीवर जास्त आहेत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले, त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई केली. पूल अरुंद होता, गर्दी अफाट होती, आणि सगळा राग निघाला टोपलीवर. तरीही आम्ही म्हणतो, चालणाऱ्याचा हक्क पहिला. चालणारा बहुसंख्य आपलाच आहे. गाडी त्याच्याकडे नाही, रिक्षाचे भाडे त्याला परवडत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फुटपाथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. फक्त तो निकाल टोपलीवर चालवायचा आणि टेबलापाशी विसरायचा, हे चालणार नाही.

दुसरा प्रश्न महसुलाचा. हॉटेलवाले पैसे भरतील, पालिकेचे उत्पन्न वाढेल. असेल. पण बाजारभावाने त्याच रस्त्यावर एक चौरस फूट भाड्याने घ्यायला काय पडते, आणि फुटपाथचा दर काय लावणार? शुल्क त्यापेक्षा कमी असेल तर ते अनुदान झाले. गटईच्या स्टॉलला शासन अनुदान देते तेव्हा फुकटेपणाच्या नावाने बोटे मोडणारे लोक या अनुदानाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. शिवाय पैसे भरून सार्वजनिक जागा मिळत असेल, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत तो आपोआप बाहेर, आणि पिढ्यान्‌पिढ्या पैसे कुणाकडे नव्हते हे सांगायला नकोच.

आणि परदेशाचे काय? इंग्लंडमध्ये २०२० च्या कायद्याने फुटपाथवरच्या खुर्च्यांना झटपट परवाने सुरू झाले, पुढे ती व्यवस्था कायम झाली. पण तिथले मार्गदर्शन सांगते की चालायला साधारण १.५ मीटर मोकळी वाट राहिली पाहिजे, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आणि पांढरी काठी घेतलेला माणूस अडता कामा नये. अर्ज आला की लोकांची मते मागवावी लागतात. आपल्याकडे भारतीय रस्ते परिषदेचे मानक तर १.८ मीटर निर्वेध रुंदी सांगते, म्हणजे जवळपास सहा फूट. आपल्या शहरातला एक फुटपाथ असा दाखवा जिथे झाड, विजेचा डबा, बसथांबा आणि दुकानाची पायरी वजा जाता सहा फूट उरतात, आणि त्यावर पुन्हा टेबलाला जागा राहते. असतील, पाच-दहा असतील. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यासारखे नव्याने रुंद केलेले काही. म्हणजे लोकांच्या पैशाने चालणाऱ्यांसाठी जे थोडे फुटपाथ रुंद केले, नेमके त्यांच्यावरच हा डोळा आहे.

नियम करायचेच असतील तर क्रम आमचा घ्या. आधी सहा फुटांची वाट फरशीवर रंगाने आखा. मग त्या भागातल्या पथविक्रेत्यांना प्रमाणपत्रे आणि जागा द्या, गटई स्टॉल जिथून उचलले तिथेच परत ठेवा. त्यानंतर जागा उरली तरच हॉटेलचा अर्ज घ्या, तोही नगर पथविक्रेता समितीसमोर आणि वॉर्डातल्या लोकांसमोर ठेवून. दर रेडीरेकनरला बांधा. संध्याकाळी हॉटेल बंद झाले की टेबल आत गेले पाहिजे, आणि त्या खालची सफाई हॉटेलच्या खर्चाने, आमच्या कंत्राटी सफाई कामगाराच्या पाठीवर नको. परवाना क्रमांक, मंजूर मोजमाप आणि मुदत यांची पाटी मराठीत बाहेर लावा. एवढ्या अटींवर कुणाला कॉफी विकायची असेल तर खुशाल विकावी.

हे ठरवणारे कोण, हाही प्रश्न आहे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आरक्षित प्रभागातून निवडून आलेला आपला नगरसेवक सभागृहात नसताना किती परिपत्रके निघाली, त्यांत फुटपाथची किती होती, हे माहिती अधिकारात मागवायला आम्ही सुरुवात केली आहे. तुम्हीही मागवा. नियमांचा मसुदा निघाला की हरकतींची मुदत थोडी असते आणि जाहिरात अशा कोपऱ्यात छापतात की दिसू नये. आपापल्या भागातल्या एका रस्त्यावर चौघांनी टेप घेऊन जा. फुटपाथची पूर्ण रुंदी, मोकळी वाट, टेबलांची संख्या, आणि कोणत्या गटईवाल्याला किंवा भाजीवालीला तिथून कधी उठवले, हे तारखेसह लिहून काढा. हरकत पोचपावती घेऊनच द्या, आणि सोबत ज्याला उठवले त्याला घेऊन जा.

जय भीम!